भोकं मोजणारं यंत्र

अमेरिकेची 1880 ची जनगणना झाली, पण तिची आकडेमोड हाताने करता करता सात-आठ वर्षं गेली. या कामावर असलेला तरुण अभियंता हर्मन हॉलरिथ यावर तोड शोधत होता. ती त्याला सुचली रेल्वेच्या तिकिटावरून. तिकीट दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कंडक्टर त्यावर केसांचा, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण अशा खुणांची भोकं पाडत. म्हणजे भोकांत माणूस लिहिता येतो!

1890 च्या जनगणनेत दर माणशी अशी भोकं पाडलेलं एक कार्ड झालं. कारकून ते यंत्रात ठेवून दांडा खाली ओढायचा. वरून स्प्रिंगच्या पिना उतरायच्या. कागदावर टेकलेली पिन तिथेच अडायची. भोक असेल तिथली मात्र आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची आणि विजेचं मंडल पूर्ण व्हायचं. समोरच्या 40 तबकड्यांपैकी संबंधित तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा, घंटी वाजायची. एकेक तबकडी 9,999 पर्यंत मोजायची. शेजारच्या पेटीतल्या योग्य खणाचं झाकण आपोआप उघडायचं, पण कार्ड आत टाकायला हातच लागायचा. खरी करामत रिलेंची, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या खटक्यांची, असं मला वाटतं. ‘परदेशात जन्मलेले’ आणि ‘विवाहित’ ही दोन्ही भोकं असतील तरच मोजायचं, असं त्यांच्यामुळे जमू लागलं.

हॉलरिथने 1896 मध्ये कंपनी काढली. 1911 मध्ये ती वजनकाटे आणि कामगारांच्या हजेरीची घड्याळं बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर एकत्र झाली. या मोळीचंच 1924 मध्ये आयबीएम असं नामकरण झालं. धंद्याची मेख अशी, की यंत्रं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची. कार्डं मात्र आमचीच घ्यायची. ही सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1936 मध्ये बेकायदा ठरवली. तोवर कंपनीचं 1928 चं 80 स्तंभांचं, दर स्तंभात एक अंक किंवा अक्षर मावणारं कार्ड रुळलं होतं. पुढे संगणकाच्या पडद्यावरही एका ओळीत 80 अक्षरं आली, ती त्याच वळणाने.

1951 मध्ये त्याच जनगणना कार्यालयात युनिव्हॅक संगणक आला. बनवणारी रेमिंग्टन रँड टाइपरायटरसाठी नावाजलेली! युनिव्हॅक चुंबकीय फीत वाचायचा. पण कचेऱ्यांची सगळी माहिती तर कार्डांच्या गठ्ठ्यांत होती. ती फितीवर चढवायला मग वेगळं यंत्र बनवावं लागलं.