महायुद्धाच्या पहिल्या पुस्तकात कोकण कुठे?

दुसऱ्या महायुद्धावरचं कुठलंही प्राथमिक पुस्तक घ्या, सुरुवात ठरलेली: व्हर्सायचा तह, हिटलर आणि १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला. नवख्या वाचकाला ही वाट सोपी, त्यात वावगं काही नाही. पण घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली ‘लढाईच्या वेळची’ टंचाई रत्नागिरी-रायगडच्या वाचकाला त्यात सापडत नाही. तिचं मूळ हवं असेल तर पोलंड सोडून आधी ब्रह्मदेशाचं प्रकरण काढावं.

कोकणात भात पिकतं, पण पुरत नाही. खाचरात भात, वरकस उतारावर नाचणी-वरी, आणि उरलेल्या वर्षाची बेगमी चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर. मुंबई इलाख्याला पडणारी तांदळाची तूट मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेश भरून काढी. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इरावतीच्या मुखाकडची दलदल भातशेतीखाली आणली, तेव्हापासूनची ही सोय. ८ मार्च १९४२ ला जपान्यांनी रंगून घेतलं आणि हिंदुस्थानात वर्षाला येणारा दहा लाख टनांहून जास्त तांदूळ तुटला. मग भाववाढ, साठेबाजी, आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग. त्याच वर्षी बंगालात भुकेने आणि साथींनी लाखो माणसं मेली. मुंबईत तशी पाळी आली नाही, त्यात वेळीच बसवलेल्या रेशनचा वाटा मोठा. प्राथमिक पुस्तकं याला फार तर एक परिच्छेद देतात. स्टालिनग्राडला मात्र नकाशासकट अख्खं प्रकरण!

राजकारणाचं कोडं तुलनेने लवकर सुटतं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला, आणि १९३९ संपायच्या आत काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबईचे तेव्हाचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असंच म्हणत) बाळ गंगाधर खेर हे जन्माने रत्नागिरीचे.

सैन्यात मात्र कोकण भरपूर होतं. माणगाव तालुक्यातले, नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर इटलीत लढत होते. १० जुलै १९४४ ला मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले, हातबॉम्बने गन बंद पाडली. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा तीच नळीकडून धरून शेवटच्या दोघांना झोडपून मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. वय अवघं २२. इटलीच्या मोहिमेवरची छोटी पुस्तकं मॉन्टे कॅसिनोच्या मठापाशी झालेली लढाई सांगून पुढे सरकतात.

किनाऱ्यावरही चकमक झालीच. गोवा पोर्तुगीज, म्हणजे तटस्थ. म्हणून मुरगावात जर्मन जहाजं आश्रयाला पडून होती. त्यांतल्या एहरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात, असा इंग्रजांचा संशय. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून पाठवलेल्या, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या हौशी स्वयंसेवकांनी रात्री तिच्यावर छापा घातला. जर्मन खलाशांनी स्वतःच आपली जहाजं बुडवली. हा छापा कित्येक वर्षं गुप्त ठेवला गेला, म्हणून जुन्या पुस्तकांना दोष देता येत नाही.

नव्या पुस्तकांना मात्र एका गोष्टीचा जाब विचारावा. बहुतेक जण युद्ध सप्टेंबर १९४५ ला संपवतात आणि १८ फेब्रुवारी १९४६ चा मुंबईतला नाविकांचा उठाव स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात टाकतात. वास्तविक हे नाविक युद्धासाठीच धडाधड भरती केलेले होते, आणि मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर ठिणगी पडली ती निकृष्ट जेवणावरून.