वंशमूळ डीएनए चाचणी : विभेदनक्षमता आणि अचूकता

ग्राहकाने घरून पाठवलेल्या लाळेच्या नमुन्यातील डीएनए वाचून त्याचे पूर्वज कोणत्या प्रदेशांतले किंवा जनसमूहांतले असावेत, याचा टक्केवारीत अंदाज देणाऱ्या व्यापारी चाचणीला वंशमूळ डीएनए चाचणी म्हणतात. अशा चाचणीची विभेदनक्षमता, म्हणजे एकमेकांजवळचे समूह वेगळे ओळखण्याची ताकद, तीन गोष्टींवरून ठरते : जनुकसंचातील किती स्थाने वाचली जातात, ती सुटी वाचली जातात की सलग तुकड्यांत, आणि ती ज्या संदर्भ-नमुन्यांशी, म्हणजे मूळ आधीच माहीत असलेल्या लोकांच्या डीएनएशी, ताडून पाहायची त्यांचे गट किती बारीक आहेत. जाहिरातींत यांपैकी पहिल्या गोष्टीचा आकडा अनेकदा दिलेला असतो. निकालाची अचूकता मात्र बहुतेक वेळा उरलेल्या दोन गोष्टींवर अडते.

मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज आधारजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरे, असतात. कोणत्याही एका व्यक्तीचा जनुकसंच प्रमाण मानलेल्या जनुकसंचाहून ४० ते ५० लाख स्थानी वेगळा असतो. बाजारातील बहुतेक चाचण्या संपूर्ण जनुकसंच वाचत नाहीत. त्या चिपच्या साह्याने, माणसामाणसांत फरक आढळतो अशी आधीच ठरवलेली सहा ते सात लाख स्थानेच तपासतात. या स्थानांना एसएनपी किंवा व्यवहारात ‘स्निप’ म्हणतात. हे वाचन म्हणजे ढोबळमानाने दर पाच हजार अक्षरांमागे एक अक्षर पाहणे होय. तरीही ते निरुपयोगी ठरत नाही, कारण गुणसूत्रावर शेजारीशेजारी असलेली स्थाने पिढ्यानुपिढ्या एकत्रच वारशात उतरतात आणि एका स्थानावरून आसपासच्या अनेक स्थानांचा अंदाज बांधता येतो. चिपने एखादे स्थान चुकीचे वाचण्याचे प्रमाणही एक टक्क्याहून बरेच कमी असते. म्हणून निकाल चुकला की प्रयोगशाळेला दोष देण्याची जी सर्वसाधारण प्रवृत्ती आहे, ती बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवते.

किती स्थाने पुरेशी, हे काय ओळखायचे आहे त्यावर अवलंबून असते. २००२ मध्ये नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ जनसमूहांतील १,०५६ व्यक्तींचे अवघे ३७७ चिन्हक, म्हणजे तुलनेसाठी निवडलेली स्थाने, तपासले आणि तेवढ्यावर खंडनिहाय मोठे गट वेगळे करून दाखवले. युरोपातील शेजारी देशांसारखे जवळचे समूह वेगळे करायचे तर मात्र लाखोंच्या घरातील चिन्हक लागतात. जॉन नोव्हेंब्रे यांच्या गटाने २००८ मध्ये अशा माहितीवरून युरोपीय व्यक्तींचे नकाशावरील स्थान काढले, तेव्हा निम्म्या व्यक्ती त्यांच्या ज्ञात मूळस्थानापासून ३१० किलोमीटरच्या आत, तर ९० टक्के व्यक्ती ७०० किलोमीटरच्या आत आल्या. भारतासंबंधीचे पायाभूत संशोधनही याच पल्ल्यातले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील लालजी सिंग व के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या गटाने २००९ मध्ये २५ भारतीय समूहांतील १३२ व्यक्तींच्या साडेपाच लाखांहून अधिक स्निप्सवरून असे दाखवले, की आजचे बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या वेगवेगळ्या प्रमाणातील मिश्रणातून घडले आहेत. आज ग्राहकाला विकली जाणारी चिप याहून कमी स्थाने वाचत नाही.

यामागचे गणित २००६ मध्ये निक पॅटर्सन, अल्केस प्राइस आणि राइक यांनी मांडले. दोन समूहांतील जनुकीय अंतर एफएसटी या मापाने मोजले, तर ते संख्याशास्त्रीय पद्धतीला दिसू लागण्याची सीमा चिन्हकांची संख्या आणि नमुन्यांतील व्यक्तींची संख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्तांकाइतकी असते. १ लाख स्वतंत्र चिन्हक आणि १०० व्यक्ती असतील, तर ही सीमा साधारण ०.०००३ इतकी येते. सूत्रात चिन्हक आणि व्यक्ती यांचे वजन सारखेच आहे. चिन्हक दुप्पट करा किंवा व्यक्ती दुप्पट करा, लाभ तोच. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे निर्णायक ठरतो. शेजारची स्थाने परस्परांवर अवलंबून असल्याने काही लाखांनंतर वाढवलेले चिन्हक फारशी नवी माहिती आणत नाहीत, उलट एखाद्या अल्पपरिचित समूहातील प्रत्येक नवा नमुना ती आणतो.

संदर्भ-नमुन्यांची उणीव दक्षिण आशियाच्या बाबतीत ठळकपणे दिसते. संशोधनात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पाच्या २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या संचात २६ जनसमूहांतील २,५०४ व्यक्ती आहेत. त्यांतील दक्षिण आशियाई समूह पाच : ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरमधील पंजाबी, बांगलादेशातील बंगाली, आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ. भारताच्या भूमीवर घेतलेला नमुना यात एकही नाही आणि मराठी भाषकांचा वेगळा गटही नाही. ‘मानवी जनुकसंच विविधता’ संचातही उपखंडातील समूह बलुची, ब्राहुई, सिंधी, पठाण, कलाश असे पाकिस्तानातलेच आहेत. ज्या संचात आपला समूह नाही, त्याच्याशी ताडून पाहिलेल्या डीएनएला गणनपद्धती ‘माहीत नाही’ असे म्हणत नाही. उपलब्ध गटांपैकी जवळच्या दोन-तीन गटांचे मिश्रण करून ती शंभर टक्क्यांची बेरीज पुरी करते. केवळ अशा संचांच्या आधारे काढलेल्या निकालात पुण्यातील किंवा पणजीतील ग्राहकाला काही टक्के उत्तरेचे आणि काही टक्के दक्षिणेचे मूळ दाखवले गेले, तर त्याचा अर्थ त्याचा एक पणजोबा उत्तरेतून आला असा होत नाही. कंपन्या आपल्या ग्राहकांमधूनही संदर्भगट तयार करतात, आणि मग ज्या समाजातून परदेशी गेलेले ग्राहक जास्त, त्याचा गट आधी तयार होतो. ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीच्या यादीत गुजराती पाटीदार असा स्वतंत्र गट आला, त्यामागे हे कारण असणे शक्य आहे. जातीअंतर्गत विवाहांमुळे असे समूह ओळखायलाही सोपे जातात.

याउलट संदर्भ नेमका असेल, तर साध्या चिपवरूनही पुष्कळ कळते. कोकणातील मराठीभाषक ज्यू समाज बेने इस्राएल यांच्यावरील २०१६ च्या अभ्यासात त्या समाजातील व्यक्तींचे नमुने मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय समूह अशा दोन्ही बाजूंशी ताडून पाहिले गेले. त्यात दोन्ही वारसे स्पष्ट दिसले आणि दोहोंचा संकर किती पिढ्यांपूर्वी झाला असावा, याचा अंदाजही बांधता आला.

विभेदनाचा दुसरा पदर सलगतेचा आहे. चिप प्रत्येक स्थानावरील दोन अक्षरे सांगते, पण त्यांतले आईकडचे कोणते आणि वडिलांकडचे कोणते हे सांगत नाही. ते संगणकाने अनुमानाने वेगळे करावे लागते. त्यानंतर गुणसूत्र लहान खिडक्यांत विभागून प्रत्येक खिडकीतील हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्र वारशात येणारा अक्षरसमूह, कोणत्या संदर्भगटाशी जुळतो ते पाहतात. खिडकी फार लहान घेतली तर जवळचे गट एकमेकांत मिसळतात. फार मोठी घेतली तर एकाच खिडकीत दोन पूर्वजांचे तुकडे येतात. सुटी स्थाने न पाहता सलग तुकडे पाहण्याचा लाभ ब्रिटनमधील २०१५ च्या अभ्यासात दिसला. ज्यांचे चारही आजी-आजोबा ८० किलोमीटरच्या परिसरात जन्मले होते अशा २,०३९ ग्रामीण व्यक्तींच्या सुमारे ५ लाख चिन्हकांवरून तेथे १७ गट निघाले आणि कॉर्नवॉल व डेव्हन हे शेजारचे परगणेही वेगळे पडले. चिन्हकांची संख्या नेहमीचीच होती. नमुन्यांची निवड आणि वाचण्याची रीत वेगळी होती.

२०१९ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीच्या ‘मार्केटप्लेस’ कार्यक्रमाने एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठवले. कंपन्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, आणि काही ठिकाणी दोन बहिणींच्या टक्केवारीतही फरक पडला, जरी दोघींची कच्ची जनुकीय माहिती जवळजवळ तंतोतंत सारखी होती. वाचनातील नगण्य फरक गणनेत मोठे होऊ शकतात, हे त्यातून दिसले. अँसेस्ट्री-डीएनए या कंपनीने २०१८ मध्ये संदर्भसंच ३,००० वरून १६,००० नमुन्यांवर नेला, तेव्हा जुन्या ग्राहकांचे निकाल लाळ पुन्हा न तपासताच बदलले. टक्केवारीनंतरचा दशांश हा अशा अंदाजाला न शोभणारा नेमकेपणा आहे. ट्वेंटीथ्री-अँड-मी निकालाची विश्वासपातळी ५० पासून ९० टक्क्यांपर्यंत वाढवून पाहू देते. ती वाढवली की अनेक बारीक गट नाहीसे होऊन ‘दक्षिण आशियाई’सारखे ढोबळ नाव उरते, आणि निकाल वाचण्याची हीच जास्त प्रामाणिक रीत म्हणावी लागेल.

काही मर्यादा कोणत्याही विभेदनाने ओलांडता येत नाहीत. सात पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरीने १२८ मध्ये एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि आणखी काही पिढ्या मागे गेल्यास पुष्कळ पूर्वजांचा एकही तुकडा वंशजात उरत नाही. सख्ख्या भावंडांना आईवडिलांचे वेगवेगळे तुकडे मिळत असल्याने त्यांचे निकाल वेगळे येणे ही चूक नसते.

नातेवाईक शोधण्याच्या सेवेत हाच प्रश्न तुकड्याच्या लांबीच्या रूपाने येतो. दोघांमध्ये सारखा दिसणारा तुकडा फार लहान असला, तर तो खऱ्या सामाईक पूर्वजाकडून आलेला असण्याची शक्यता घटते. २०१४ च्या एका अभ्यासात संगणकीय पद्धतीने नोंदवलेल्या २ ते ४ सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरील जनुकीय अंतराचे एकक) लांबीच्या तुकड्यांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक खोटे निघाले. भारतीय समाजांत याला अंतर्विवाहाची भर पडते. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांच्या २०१७ मधील अभ्यासात ८१ समूहांत मोजक्या संस्थापक पूर्वजांचा ठसा फिनलंडमधील लोक व मध्य आणि पूर्व युरोपीय मूळाचे अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही गडद आढळला. अशा समाजातील दोन परक्या व्यक्तीही चाचणीत दूरच्या चुलत भावंडांसारख्या दिसू शकतात.

पितृवंशाच्या चाचणीत विभेदनाचा परिणाम सर्वांत सहज समजतो. वाय गुणसूत्रावरील आर१ए ही शाखा पूर्व युरोपात आणि उत्तर भारतात दोन्हीकडे भरपूर आढळते; तेवढ्यावरच थांबणारा अहवाल पोलंडमधील आणि बिहारमधील माणसाला एकाच ओळीत बसवतो. आणखी खोलवर वाचले की आर१ए शाखेतील युरोपीयांपैकी बहुतेकांचे वाय झेड२८२ या उपशाखेत आणि दक्षिण आशियाईंपैकी बहुतेकांचे झेड९३ या उपशाखेत जाते. येथे जास्त स्थाने वाचल्याचा लाभ सरळ मिळतो, कारण या गुणसूत्राच्या बहुतांश भागाचे तुकडे पिढीगणिक अदलाबदल होत नाहीत.

संपूर्ण जनुकसंचवाचन स्वस्त होत चालल्याने आता ३० पट वाचनाचे, म्हणजे प्रत्येक स्थान सरासरी ३० वेळा वाचलेले, अहवालही ग्राहकांना विकले जातात. दुर्मीळ बदल त्यांतच दिसतात, आणि असे बदल तुलनेने अलीकडचे व म्हणून स्थानिक असल्याने सूक्ष्म भूगोलासाठी मोलाचे असतात. मात्र संदर्भसंचातील व्यक्ती जुन्या चिपवर वाचलेल्या असतील, तर तुलना दोन्हीकडे सामाईक असलेल्या स्थानांपुरतीच करता येते आणि बाकीची माहिती बाजूला पडून राहते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचले आहेत. जानेवारी २०२५ पासून ही विदा फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रामार्फत संशोधकांना नियमांच्या चौकटीत उपलब्ध करून देण्यात आली आहे.