निषेध नेमका कुणाला ऐकवायचा?

कुठे स्फोट झाला, कुठे एखादी प्राचीन वास्तू उडवली, की दुसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो: मवाळ मुस्लिम गप्प का? या प्रश्नाला आजचं रूप आलं ते एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्या जरा आधी, मार्च २००१ मध्ये, अफगाणिस्तानातल्या तालिबानच्या बालेकिल्ल्यात, कंदाहारला काय घडलं ते पाहण्यासारखं आहे.

त्याच देशात बामियानच्या कड्यात दोन बुद्धमूर्ती होत्या. एक ५५ मीटर उंच, दुसरी ३८ मीटर, साधारण सहाव्या शतकातल्या. तिथल्या हजारा जमातीच्या मुस्लिमांनी त्यांना केव्हाच आपल्या लोककथेत ओढून घेतलं होतं. मोठा तो सलसाल, धाकटी ती शाहमामा, ताटातूट झालेलं जोडपं. तालिबानचा प्रमुख मुल्ला उमर याने १९९९ मध्ये फर्मान काढून या मूर्तींना संरक्षण दिलं होतं आणि त्यामागची कारणं अगदी व्यवहारी होती. देशात बौद्ध उरले नाहीत, तेव्हा पूजा होत नाही. शिवाय बाहेरून बघायला लोक आले तर चार पैसे मिळतील. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच माणसाने सगळ्या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिला. तोफांनी काम भागेना, तेव्हा कड्यावरून माणसं दोराने खाली सोडून मूर्तींत भोकं पाडली आणि सुरुंग भरले. हे काम ज्यांच्याकडून जबरदस्तीने करून घेतलं, त्यांत स्थानिक हजारा होते.

हुकूम फिरवावा म्हणून पाकिस्तानचे तेव्हाचे गृहमंत्री मोइनुद्दीन हैदर कंदाहारला जाऊन आले. इस्लामी देशांच्या संघटनेचं शिष्टमंडळ गेलं. त्यात इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल होते, कतारमध्ये राहणारे धर्मपंडित यूसुफ अल करदावी होते. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा: पैगंबरांच्या सोबत्यांनी सातव्या शतकात इजिप्त जिंकला, पण फेरोंच्या मूर्तींना हात लावला नाही. मग तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? उपयोग झाला नाही. तरी हे बोलणं कुणाशी होतं, ते महत्त्वाचं. हुकूम देणाऱ्यासमोर बसून, त्याला मान्य असलेल्याच धर्मशास्त्राच्या भाषेत ते चाललं होतं.

सहा महिन्यांनी न्यूयॉर्कमधले मनोरे पडले आणि बोलण्याचा पत्ताच बदलला. कैरोतल्या अल अझहर या नामांकित धर्मपीठाच्या शेख तंतावींसह अनेक धर्मपंडितांनी हल्ल्याचा निषेध केला. पण ऐकणारा आता शेजारी होता, पत्रकार होता, व्हिसा देणारा अधिकारी होता. दहशतवाद्याचं मन वळवण्यापेक्षा ‘मी त्यातला नाही’ हे सिद्ध करण्यासाठी केलेला निषेध तिथून वाढत गेला. ज्याने काहीच केलेलं नाही त्याच्याकडे असा खुलासा मागणं मला अन्यायाचं वाटतं. पण धर्माच्या नावाने अधिकार सांगणाऱ्या संस्थांना ही सूट नाही. त्यांनी बोललंच पाहिजे, आणि आपल्याच लोकांत बोललं पाहिजे.

‘मवाळ’ या शब्दानेही घोळ होतो. आपल्याकडे मवाळ आणि जहाल हा भेद राजकीय मार्गांचा होता, कोण किती देवभोळा याचा नव्हता. इथे मात्र मवाळ म्हणजे धर्म सैलपणे पाळणारा, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात हिंसेविरुद्ध उभे राहिलेले कितीतरी लोक कमालीचे कर्मठ होते.

आतला हा वाद जुना आहे. सातव्या शतकात खारिजी या फुटून निघालेल्या गटाने मतभेद असणाऱ्या मुस्लिमांनाच धर्मबाह्य ठरवायला सुरुवात केली. ६६१ मध्ये खलिफा अलींचा खून त्यांच्यातल्याच एकाने केला. कबरी आणि दर्गे पाडण्याला धर्माचा आधार देणारे अठराव्या शतकातले मुहम्मद इब्न अब्द अल वहाब यांच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत त्यांचे सख्खे भाऊ सुलेमान यांचं नाव घेतलं जातं. १९२५-२६ मध्ये मदिनेच्या बकी कब्रस्तानातल्या घुमटांवर कुदळी चालल्या, तेव्हा हिंदुस्थानातल्या मुस्लिमांत संतापाची लाट उसळली होती.

अलीकडची कागदपत्रंही कमी नाहीत. अतिरेकाविरुद्धचं निवेदन असलेला जॉर्डनचा अम्मान संदेश २००४ चा. मुस्लिमाने मुस्लिमाला काफिर ठरवू नये, हा पुढच्या वर्षी त्याला जोडलेल्या कलमांचा गाभा. २०१४ मध्ये १२६ मुस्लिम विद्वानांनी आयसिस या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या बगदादी याला उघडं पत्र लिहिलं. पैगंबर आणि त्यांच्या सोबत्यांच्या कबरी उद्ध्वस्त करणं निषिद्ध आहे, हे त्यात होतं. पण याच पत्राने कठोर शरीरदंडांना मुळातून नकार दिला नाही. करदावींनी अमेरिकेतल्या हल्ल्याचा धिक्कार केला आणि इस्रायलवरच्या आत्मघाती हल्ल्यांचं समर्थन केलं. अल अझहरने आयसिसचा कडक निषेध केला, तरी त्यांना धर्मबाह्य म्हणायला नकार दिला. तर्क असा की तसं म्हटलं तर आपणही त्यांचाच खेळ खेळू. तर्क चुकीचा म्हणता येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ती पळवाट वाटली. शिवाय यातल्या बऱ्याच संस्था सरकारच्या मर्जीवर चालतात, त्यामुळे संतापलेला तरुण त्यांना आधीच निकालात काढतो.

आणि बोलण्याची किंमत? पेशावरचे मौलाना हसन जान आत्मघाती हल्ल्यांच्या विरोधात बोलले. २००७ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. लाहोरचे मुफ्ती सरफराज नईमी यांनीही तेच केलं; २००९ मध्ये त्यांच्या मदरशातच आत्मघाती हल्लेखोराने त्यांना मारलं. सीरियातल्या पालमिरा या प्राचीन शहराचे पुरातत्त्व अधिकारी खालिद अल असद यांचं तर गप्प राहणंच विरोध ठरलं. मौल्यवान वस्तू कुठे लपवल्या ते त्यांनी सांगितलं नाही, असं म्हणतात. ऑगस्ट २०१५ मध्ये आयसिसने त्यांचा शिरच्छेद केला. वयाची ऐंशी वर्षं त्यांनी ओलांडली होती.

मालीमधल्या तिंबक्तूचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०१२ मध्ये अन्सार दीन या सशस्त्र गटाच्या लोकांनी सूफी संतांच्या कबरी कुदळींनी फोडल्या, सिदी याह्या मशिदीचा दरवाजा तोडला. शेवटच्या दिवसापर्यंत तो उघडायचा नाही, अशी तिथली श्रद्धा होती. त्याच काळात अब्देल कादर हैदरा आणि त्यांचे सहकारी रात्री लोखंडी पेट्यांत जुनी हस्तलिखितं भरत होते. गाढवगाड्या, मोटारी आणि नायजर नदीतल्या होड्यांनी या पेट्या राजधानी बामाकोला पोचल्या. आतली हस्तलिखितं लाखांच्या घरात होती. जाहीरपणे निषेध केला असता, तर पेट्या पहिल्याच नाक्यावर पकडल्या गेल्या असत्या.

कबरी पाडण्याच्या कामावर देखरेख करणारा अहमद अल फकी अल महदी पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उभा राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, तिंबक्तूकरांची माफी मागितली आणि असल्या कामात कुणी पडू नये, असं जगभरच्या मुस्लिमांना सांगितलं. त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली. तोवर तिंबक्तूच्या गवंड्यांनी पिढीजात पद्धतीने मातीची बांधकामं करून त्या कबरी पुन्हा उभ्या केल्या होत्या.