आडवळणाची जुनी रीत : मराठवाड्यातल्या विषयांतराची पार्श्वभूमी

सप्ताहातले कीर्तन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटते, महाराज भरकटले. सेवेला घेतला तुकोबांचा अभंग आणि बोलणे चालले आहे पोरीच्या लग्नातल्या खर्चावर, नाहीतर सोयाबीनच्या भावावर. मंडपातली जुनी माणसे मात्र निवांत असतात. टाळकऱ्यांनी चाल धरली की महाराज पुन्हा त्याच चरणावर येणार, हे त्यांना ठाऊक असते.

ही सवय फार मागची. पैठण भागात वावरलेल्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, तेही शिस्तीत : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. गोष्ट कितीही रंगो, ती कशासाठी सांगितली याचा हिशेब दार्ष्टांतिकात द्यावाच लागे. पाल्हाळाला इतका नेटका लगाम पुढे क्वचितच कोणी घातला असेल.

आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशाला गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या सांगितल्या. उपमेतून उपमा निघत जाते, आणि मग ‘हें असो’ म्हणून ते मूळ मुद्द्यावर येतात. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकट्या अकराव्या स्कंधावर 18,810 ओव्या रचल्या. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर कडेलोटच केला. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, म्हणजे एका श्लोकामागे पावणेदोनशेच्या वर! नावातच समुद्र असल्यावर काठ कुठे शोधायचा? ज्ञानेश्वरीची पारायणे गावोगाव होतात. ‘गीतार्णव’ अभ्यासकांपाशीच राहिला. यात केवळ लांबीचा दोष नसावा. मूळ श्लोक कानाआड गेला की ऐकणाऱ्याचा हात सुटतो.

जांबच्या रामदासांचा पिंडच वेगळा. त्यांच्या ‘दासबोधा’त वीस दशक, प्रत्येकात दहा समास, सगळे मोजूनमापून. नारदीय कीर्तनाने आणखी एक सोय केली. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. गोष्टीला हक्काची जागा मिळाली, पण ती पूर्वरंगातल्या पदाचा अर्थ उलगडणारी हवी, ही अट राहिलीच. वारकरी कीर्तनात असे दोन भाग नाहीत. तिथे इतर संतांची वचने दाखल्याला (‘प्रमाण’ म्हणून) देत देत एकाच अभंगाभोवती फिरायचे असते, म्हणून परतण्याची सगळी जबाबदारी कीर्तनकारावर.

आता दोन तासांच्या कीर्तनातला दीड मिनिटाचा तुकडा कापून मोबाइलवर फिरतो. कापणारा नेमके आडवळणच उचलतो : सासू-सुनेचा किस्सा, पुढाऱ्याला मारलेला टोला. अभंग कोणता होता, हे त्यात कळत नाही. काही महाराज तर हल्ली त्या तुकड्यासाठीच बोलतात की काय, असे वाटते. त्यांना चरणावर यायची घाई नसते, आणि हसून हसून लोटपोट झालेल्या मंडपालाही नसते.