प्रोटीन कॅलरी जाळतं की भूक मारतं?

म्हापशा-पणजीच्या जिममध्ये हमखास कानावर पडतं, ‘प्रोटीन खा, चरबी जळते.’ यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. प्रोटीन पचवायला शरीराला जास्त ऊर्जा लागते, ही एक. प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या, पण वजनाच्या हिशेबात दुसरीचं पारडं कितीतरी जड आहे.

जळण्याचं आधी उरकू. प्रोटीनच्या 100 कॅलरींतल्या 20 ते 30 पचनातच खर्ची पडतात; भात-पावातल्या पिष्टाच्या 5 ते 10, तेल-तुपाच्या फार तर 3. ऐकायला भारी वाटतं. आता रोज 50 ग्रॅम प्रोटीन वाढवा आणि तेवढ्याच, म्हणजे 200 कॅलरींचा भात कमी करा. जास्तीचा खर्च जेमतेम 20 ते 50 कॅलरी. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, अर्धा पाव! त्यासाठी काटे काढून पाव किलो बांगडा खायचा, तोही रोज.

भुकेचा मामला निराळा. प्रोटीन पोटात गेलं की आतड्यातून जीएलपी-1, पीवायवाय ही संप्रेरकं स्रवतात आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतात. 2005 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं 19च, त्यामुळे फार ताणायला नको. आहारात प्रोटीनचा वाटा 15 टक्क्यांवरून 30 वर नेला, तेवढा स्निग्धांश कमी केला आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. मंडळी आपणहून दिवसाला सरासरी 441 कॅलरी कमी खाऊ लागली.

आपली सकाळची पातळभाजी बघा. वाटीत वाटाणे मोजके, रस्सा भरपूर, सोबत दोन पाव. अकराला पुन्हा पोटात कावळे. दुपारी भाताचा डोंगर, हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, बांगड्याचा एक तुकडा. तोच भात निम्मा करून अळसांद्यांचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) दाट घेतलं, तर संध्याकाळच्या भज्यांकडे हात जायची शक्यता कमी. माझ्या मते प्रोटीनची खरी कमाई तिथे होते, जाळण्यात नाही.

2012चा आणखी एक अमेरिकी प्रयोग इथे बोलका आहे. त्यात लोकांना 8 आठवडे गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त खायला घातलं. भुकेला मतच नव्हतं. गट तीन: प्रोटीन 5 टक्के, 15 टक्के किंवा 25 टक्के. 15 आणि 25 टक्क्यांच्या गटांत चरबी सोडून बाकीचं वजन (स्नायू वगैरे) वाढलं, ऊर्जेचा खर्चही वाढला. चरबी मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखीच साचली.