दही-साखर आणि मुळ्याचा रस

बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी खराडीतल्या आमच्या सोसायटीत, लिफ्टच्या दाराशी, एकाच मुलीला दोन देशांचे शकुन मिळाले. आजीने तळहातावर दही-साखर ठेवली. आणि पाचव्या मजल्यावरच्या कोरियन बाईंनी (यजमान रांजणगाव एमआयडीसीत इंजिनियर, मराठी 'नमस्कार'पुरतं) तिच्या पारदर्शक पाऊचमध्ये चिकट मिठाईची छोटी पुडी सरकवली. मिठाईचं नाव यॉत. कोरियन भाषेत 'चिकटणं' आणि 'परीक्षेत पास होणं' यांना क्रियापद एकच, म्हणून परीक्षेच्या दिवशी यॉत द्यायचं. उलट समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी घरात शिजत नाही, कारण शेवाळ निसरडं. 'शेवाळाचं सूप प्यायला' म्हणजे आपल्या भाषेत परीक्षेत गचकला. एरवी हेच सूप वाढदिवसाला हमखास करतात.

हे मी आतेबहिणीला फोनवर सांगितलं. ती फिनलंडमध्ये तांपेरेला असते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला विचारलं, परीक्षेला जाताना तुमच्याकडे काय देतात? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. तेवढ्यात त्याची मधली सुट्टी संपली. तिथे पाऊण तास शिकायचं आणि पंधरा मिनिटं बाहेर बर्फात हुंदडायचं, असं दिवसभर चालतं.

दक्षिण कोरिया आणि फिनलंड ही शिक्षणाच्या चर्चेतली ठरलेली जोडी आहे. ती जमवली 'पिसा' या चाचणीने. (नाव ऐकून 'वेडापिसा' आठवतो. निकालाच्या दिवशी बरेच शिक्षणमंत्री तसे होतातही.) ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २००० साली ती सुरू केली. पंधरा वर्षांच्या मुलांना वाचन, गणित आणि विज्ञान वापरता येतं का, हे ती पाहते. पेपर दोन तासांचा असतो, पण कुठल्याच मुलाला तो सगळा मिळत नाही. प्रश्नांचा साठा मोठा असतो, त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे तुकडे देतात आणि संख्याशास्त्राने ते पुन्हा जोडतात. त्यामुळे या चाचणीवरून एखाद्या मुलाची हुशारी सांगता येत नाही, देशाचं मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. शितावरून भाताची परीक्षा, फक्त शितं काही हजार घ्यायची आणि पातेल्याच्या सगळ्या कोपऱ्यांतून घ्यायची.

गुणांची पट्टी अशी बेतलेली होती, की सुरुवातीला सहभागी ओईसीडी देशांची सरासरी ५०० यावी. २००० साली वाचनात फिनलंड ५४६ गुणांनी पहिला आला. कोरिया ५२५. गणितात २००६ साली फिनलंडचे ५४८, कोरियाचे ५४७. एका गुणाचा फरक नमुन्याच्या चुकीतच विरून जातो, म्हणजे दोघं बरोबरीत. एका देशात मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात, दुपारी घरी येतात. दुसऱ्या देशात रात्री दहाला क्लासमधून. आणि निकाल सारखा.

मग जो तो आपल्याला हवं ते उचलू लागला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवर फिनलंड जास्त फिरतो: तिथे परीक्षा नाहीत, गृहपाठ नाही, सगळी मुलं आनंदी. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं चूक. गृहपाठ असतो, थोडा असतो. शिक्षक वर्गात चाचण्याही घेतात. नसते ती नववीपर्यंत सगळ्यांना एकदम बसावी लागणारी सरकारी परीक्षा. देशाला मोजमाप हवं असेल तेव्हा निवडक शाळांची नमुना चाचणी घेतात, म्हणजे पुन्हा शितंच. आणि शेवटी एक मोठी परीक्षा असतेच, उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस. ती १८५२ पासून चालू आहे. एकेक पेपर सहा तासांचा, मुलं डबा घेऊन बसतात. त्यात श्रेणीही इतरांच्या तुलनेत मिळते, सर्वांत वरची श्रेणी साधारण ५ टक्के मुलांनाच.

कोरियाच्या परीक्षेचं नाव सुनंग. नोव्हेंबरातला एक गुरुवार, सकाळी ८.४० ला सुरू, संपता संपता संध्याकाळ. सुमारे पाच लाख मुलं. त्या दिवशी शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो, उशीर झालेल्या मुलांना पोलिस गाडीवर बसवून केंद्रावर पोचवतात. इंग्रजीचा ऐकण्याचा भाग चालू असताना देशभर विमानांचं उतरणं-उडणं ३५ मिनिटं बंद असतं. पेपर काढणाऱ्यांना महिनाभराहून अधिक काळ बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. बहुतेक विषयांत पहिली श्रेणी वरच्या ४ टक्क्यांपुरती. पुण्यात सीईटी किंवा जेईईचं घर असेल तर हे वेगळं समजवायला नको, आपला पर्सेंटाइल याच जातीचा. दहावीचे टक्के तुम्ही किती लिहिलंत यावर ठरतात. पर्सेंटाइल ठरतो तो तुमच्या मागे किती जण राहिले यावर. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक बघताना पुढच्याने टाचा वर केल्या की मागच्यालाही कराव्या लागतात. शेवटी सगळ्यांच्या पोटऱ्या दुखतात आणि गणपती दिसायचा तेवढाच दिसतो.

पण मग फिनलंडच्या टाचा का दुखत नाहीत? तिथली पट्टीही तुलनेचीच आहे, हे आत्ताच म्हटलं. मला वाटतं, इथे शाळेच्या भिंतीबाहेर बघायला हवं. त्यासाठी कोरियाची एक जुनी गोष्ट सांगतो. तीत पुन्हा यॉत आहे.

१९६४ चा डिसेंबर. तेव्हा कोरियात सहावीनंतरच प्रवेश परीक्षा असायची, सेऊलमधल्या नामांकित माध्यमिक शाळांसाठी. त्या वर्षी विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला: यॉत बनवताना माल्टऐवजी काय घालता येईल? यॉत म्हणजे शिजवलेल्या भाताचा गोड पाक, साखर न घालता केलेला. मोड आलेले जव वाळवून कुटलेलं पीठ, म्हणजेच माल्ट, भातात घालतात. त्यातलं एन्झाइम स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज ही साखर करतं. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या याच कुळातल्या एन्झाइममुळे. ठरवलेलं उत्तर होतं 'डायस्टेज', म्हणजे हेच एन्झाइम. पण पर्यायांत मुळ्याचा रसही होता. मुळ्यातही डायस्टेज असतं, आणि तसं शाळेच्या पुस्तकात छापलेलंही होतं. एका गुणाने नामांकित शाळा हुकलेल्या मुलांच्या आया भडकल्या. त्यांनी घरी मुळा किसला, रस काढला, भात शिजवला, यॉत केलं, आणि पातेली घेऊन शिक्षण कार्यालयावर धडकल्या. खाऊन बघा म्हणाल्या. प्रकरण कोर्टात गेलं. १९६५ साली निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि ३८ मुलांना हुकलेल्या शाळेत जागा मिळाली.

विज्ञानाच्या शिक्षणाचा यापेक्षा चांगला प्रयोग मी तरी ऐकलेला नाही. फक्त तो मुलांऐवजी आयांनी केला.

बारा वर्षांच्या मुलांसाठी एवढं रामायण होतंय म्हटल्यावर सरकारने १९६९ पासून, सेऊलपासून सुरुवात करून, ही परीक्षाच रद्द केली. माध्यमिक शाळा लॉटरीने मिळू लागली. १९७४ पासून मोठ्या शहरांत उच्च माध्यमिकलाही तसंच. योगायोग बघा, जवळपास त्याच काळात फिनलंडही हेच करत होता. तिथे दहा-अकराव्या वर्षी मुलांच्या दोन वाटा व्हायच्या, एक विद्यापीठाकडे जाणारी, दुसरी नाही. १९६८ च्या कायद्याने सगळ्यांना नववीपर्यंत एकच शाळा ठरली. १९७२ ला उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात झाली आणि १९७७ पर्यंत हे दक्षिणेत हेलसिंकीपर्यंत पोचलं. म्हणजे ज्या दोन देशांना आपण दोन टोकं समजतो, त्यांनी मुलांची चाळणी पुढे ढकलण्याचा निर्णय एकाच दशकाच्या अंतरात घेतला.

दुसरं साम्य लिपीचं. फिनिश भाषा जशी बोलतात तशी लिहितात. कोरियाची हंगुल लिपी पंधराव्या शतकात राजा सेजोंगच्या काळात मुद्दाम बेतून केलेली. ती १४४६ साली जाहीर झाली, तेव्हाच्या ग्रंथात म्हटलंय की शहाणा ती सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मठ्ठ दहा दिवसांत. अक्षर आणि उच्चार यांची अशी गाठ असली की वाचन लवकर जमतं. युरोपातल्या तेरा भाषांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली, तीत पहिलीच्या अखेरीला फिनिश मुलं जवळजवळ सगळे साधे शब्द बिनचूक वाचत होती, इंग्रजी वाचणारी मुलं जेमतेम एकतृतीयांश. मराठीही या बाबतीत नशीबवान आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं यांना वेळ लागतो, पण एकदा हाताला आली की 'पुणे' हे 'पुणे'च वाचलं जातं. हा फायदा सोडून आपण तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी स्पेलिंग घोकायला बसवतो, त्यावर स्वतंत्र लेख होईल.

तर चाळणी दोघांनीही पुढे ढकलली. पण कोरियात दाब नाहीसा झाला नाही, सरकला. शाळा लॉटरीने मिळते ना, मग लढाई विद्यापीठाची, आणि तिची तयारी हाग्वॉन म्हणजे खासगी क्लासमध्ये. १९८० मध्ये लष्करी राजवटीने शिकवण्यांवर बंदीच घातली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या आणि महागल्या. २००० साली घटनात्मक न्यायालयाने बंदी रद्द केली. मग सेऊलमध्ये नियम आला की क्लास रात्री दहाला बंद व्हायलाच हवेत. २०२४ मध्ये कोरियन पालकांनी खासगी शिकवण्यांवर सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च केले, रुपयांत पावणेदोन लाख कोटींच्या वर. कारण सेऊलची दोन-तीन विद्यापीठं, मोठ्या कंपन्यांतली नोकरी आणि बाकी सगळं, यांत दरी मोठी आहे. दरवाजा अरुंद असेल तर रांग कुठे लावायची एवढंच शाळा ठरवू शकते.

फिनलंडमध्ये नववीनंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलं व्यवसाय-शिक्षणाकडे जातात. सुतार, वायरमन, नर्सिंग सहायक. तिथून पुढे उपयोजित विद्यापीठाचा रस्ता उघडा असतो आणि मुलं त्याने जातातही. शिवाय ती सहा तासांची परीक्षा पुन्हा देता येते. एक दिवस हुकला म्हणून आयुष्य हुकत नाही. सुनंगही पुन्हा देता येतं, पण त्यासाठी वर्ष घालवावं लागतं. अलीकडे तिथल्या परीक्षार्थींत तिघांतला एक जण असा 'ड्रॉप घेतलेला' किंवा शाळेबाहेरचा असतो.

फिनलंडला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. २०२२ च्या पिसात त्यांचे गणिताचे गुण ४८४ वर आले, कोरियाचे ५२७ राहिले. वाचनातही तीच घसरण. विद्यापीठांनी २०२० पासून प्रवेशात त्या सहा तासांच्या परीक्षेतल्या श्रेणींना जास्त वजन दिलं, आणि मुलांवर ताण वाढल्याची तक्रार तिथेही सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून शाळेत मोबाईलवर कायद्याने निर्बंध आले. आपलं बोलायचं तर तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश पिसाच्या २००९ च्या फेरीला जोडून बसले होते आणि ७४ जणांत तळाच्या तिघांत आले. त्यानंतर भारत त्या मांडवात दिसलेला नाही.

झोपेचं मात्र सांगायलाच हवं. कोरियात म्हण आहे, चार तास झोपशील तर पास, पाच तास झोपशील तर नापास. मेंदूविज्ञान याच्या बरोबर उलट सांगतं. दिवसा शिकलेलं गाढ झोपेत पक्कं होतं आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास लागतात. त्या वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, मेलाटोनिन हे झोप आणणारं हार्मोन उशिरा पाझरतं, म्हणून ती रात्री जागतात आणि सकाळी उठत नाहीत. आळस कमी, हार्मोन जास्त. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये सकाळच्या शाळा नऊनंतर भरवायला सांगितलं, ही चांगली गोष्ट. पण ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. घड्याळ सरकतं ते आठवी-नववीत, आणि ती पोरं अजून सात वाजता प्रार्थनेला उभी असतात, अर्धी झोपेत.

यॉतवाली मुलगी पेपर देऊन आली, बरा गेला म्हणाली. संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला तेव्हा मी माहिती दिली की आपल्याकडेही रस्ता आहे: दहावीनंतर औंधच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ट्रेड, मग थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नियमात आहे, कित्येक वर्षं आहे.

"असेल हो," मुलीची आई म्हणाली, "पण आपल्याकडे कोण जातं तिकडे?"