हलवा, हळवा आणि रात्रीचं कोडं: एकत्र कोडं सोडवण्याची पार्श्वभूमी

गेल्या गणपतीपासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री जेवणं झाली की एक कोडं पडतं. शब्दाचं कोडं, म्हणजे श्लेष, कोटी, अक्षरं इकडची तिकडं असलं काहीतरी. काका-काकी मालवणात, दोन आतेभाऊ डोंबिवलीत, पुतणी पुण्यात, धाकटा भाऊ मस्कतला, आणि सगळे एकाच ओळीत डोकं घालून बसलेले. पहिलं कोडं मीच टाकलं होतं: "संक्रांतीला गोड लागतो, मालवणच्या जाळ्यात घावतो, आणि नुसता शब्द उच्चारला तरी माणसं सामान उचलायला लागतात." ते कसं सुटलं ते पुढं सांगते. पण सुटल्यावर पुतणीनं लिहिलं की आत्या, हा किती मस्त नवीन प्रकार आहे. नवीन? मला काही झोप येईना. तिला लिहायला घेतलेलं उत्तर लांबत गेलं, तेच हे.

आधी शब्दच बघा. आज उखाणा म्हटलं की नवऱ्याचं नाव घेणं डोळ्यासमोर येतं, पण उखाणा म्हणजे मुळात कोडंच, नाव घेण्याचा अर्थ त्याला चिकटला आणि आता तोच उरलाय. कोकणीत कोड्याला हुमाण म्हणतात, मराठीतही उमाणं हा शब्द होता. आमची आजी 'हुमाण घालते' असंच म्हणायची. पाऊस लागलेला, वीज गेलेली, पडवीत सगळी पोरं एका घोंगडीत, आणि आजी तांदूळ निवडता निवडता एकेक सोडायची. सूपभर लाह्या, त्यात एक रुपया. चांदण्या आणि चंद्र हे कुणीतरी ओरडायचं, मग पुढचं. कुणा एकाला वेगळं बोलावून तिनं कधी विचारलं नाही, घातलं की सगळ्यांना घातलं, आणि उत्तर तर तिनं कधीच सांगितलं नाही. दोन दोन दिवस आम्ही शेजारच्या वाडीतसुद्धा विचारत फिरायचो.

एक मात्र मला मोठेपणी लक्षात आलं. "कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी", हे लसणीचं कोडं महाराष्ट्रभर सांगतात, पण लसूण काही कोकणचं खास पीक नव्हे. मला वाटतं हे घाटावरच्या माणसानं रचलं असणार, त्याला कोकण म्हणजे डोंगर उतरून पलीकडचा लांबचा मुलुख, तिकडून पाहुणी आली म्हटलं की कोड्याला आपोआप गूढपणा येतो. आम्ही कोकणात बसून तेच कोडं सोडवायचो आणि सखी आपल्याच गावची समजायचो.

मागं जायचं तर फार मागं जाता येतं. संस्कृतात याला प्रहेलिका म्हणतात, वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या 64 कलांच्या यादीत ती आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास दंडीनं काव्यादर्शात प्रहेलिकांचे 16 प्रकार सांगितले आणि त्यांचा उपयोग काय तेही सांगितलं: गोष्ठी रंगवायला, गर्दीत असूनसुद्धा जाणकारांनी आपसात गुप्त बोलायला, आणि समोरच्याला चकवायला. गोष्ठी म्हणजे माणसांची बैठक, आपल्या गजाली म्हणा ना. तीनही उपयोगांना दुसरी माणसं लागतात! मला हे वाचून इतका आनंद झाला की मी ग्रुपवर तेच टाकलं. पुढं चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथानं प्रहेलिकेला अलंकार मानायलाच नकार दिला, का तर ती रसाच्या आड येते. विद्वान माणूस, पण मला नाही पटत, कोडं सुटल्यावर बैठकीत जी लहर उठते ती त्यानं हिशेबात धरली नाही.

शब्द तोडून फसवायची युक्ती तर तिथूनच आलेली. एक जुना श्लोक आहे, "कं संजघान कृष्णः, का शीतलवाहिनी गंगा, के दारपोषणरताः, कं बलवन्तं न बाधते शीतम्". ऐकताना चार प्रश्न वाटतात, कृष्णानं कुणाला मारलं, थंड वाहणारी गंगा कोणती, बायकोला पोसण्यात कोण गुंतलेत, कुठल्या बलवानाला थंडी बाधत नाही. आता शब्द जोडून वाचा: कंसं जघान कृष्णः, काशीतलवाहिनी गंगा, केदारपोषणरताः म्हणजे शेतं पिकवणारे, आणि कंबलवन्तं, ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला. उत्तर प्रश्नाच्या पोटातच, म्हणून याला अंतर्लापिका म्हणतात. परवा काकांनी टाकलेलं "कोणतं यंत्र खलाशाला सारखं विचारतं, खरंच?" हे त्याच घराण्यातलं, उत्तर होकायंत्र.

पण माझ्या मते आपल्या किनारपट्टीवरचं खरं मोठं घराणं म्हणजे शक्ती-तुरा, आणि त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. रत्नागिरीकडे गौरी-गणपतीत जाखडी असते, बाल्या नाच म्हणतात ती. मधे गाणारे, वाजवणारे बसतात आणि भोवती पायात घुंगरू बांधून पोरं फेर धरतात. ही कलगी-तुऱ्याची परंपरा, कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे आणि तुरेवाले शिवाला, आपल्याकडे कलगीच्या जागी सरळ शक्तीच म्हणतात. दोन पक्ष समोरासमोर आले की शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, पुराणातला, कधी सरळ आकड्यांचा, कधी असा की ऐकताना देवाची गोष्ट वाटावी आणि उत्तर आपल्या शरीरातच असावं, आणि समोरच्या शाहिरानं चालीत, तालात, त्याच रात्री जवाब द्यायचा. एकटा शाहीर तो जवाब क्वचितच काढतो. कोरसवाले कानाला लागतात, मागं बसलेला एखादा पोथी वाचलेला म्हातारा पुटपुटतो, प्रेक्षकातनं कुणीतरी चिठ्ठी सरकवतो. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारी भजनात दोन बुवांमध्ये असंच चालतं. काका लहानपणापासून बाऱ्या ऐकतात, त्यांना मी विचारलं की बुवाला बाहेरून उत्तर सांगणं म्हणजे लबाडी नाही का, तर म्हणाले, "रापण काय एकट्यान ओढतत?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, तिच्या दोरीला जो हात लावतो त्याला मासळीतला वाटा मिळतो, तसंच हे.

मग एकट्यानं कोडं सोडवायची सवय आली कुठून? ती आली छापील चौकटीतून. 21 डिसेंबर 1913 ला 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या पेपरात आर्थर विन यांनी पहिलं आधुनिक शब्दकोडं छापलं, हिऱ्याच्या आकाराचं. ते आपल्याकडे आल्यावर एक गंमत झाली, मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट, त्यामुळं आडवा आणि उभा शब्द जिथं भेटतात तिथं नुसता 'क' जुळून भागत नाही, 'की' ला 'की'च लागते. रचणाऱ्याचा घाम निघतो.

मुंबईत तर बक्षिसाच्या कोड्यांचं पेवच फुटलं होतं. फी भरून उत्तरं पाठवायची, रचणाऱ्याच्या बंद पाकिटातल्या उत्तराशी जुळली तर पैसे. त्यात डोक्यापेक्षा नशीब जास्त, म्हणून 1955 च्या कायद्यानं अशा स्पर्धांचं बक्षीस महिन्याला 1000 रुपयांच्या आत आणलं, आणि 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जुगाराच्या स्पर्धांना धंद्याचं स्वातंत्र्य लागू नाही, ज्यात खरोखर कौशल्य लागतं त्यांची गोष्ट वेगळी. पैसे आले की माणूस उत्तर झाकून ठेवणारच ना. तरी आमचे आजोबा गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे, दहा-बारा जण आणि पेपर एक, तिथं कोडं मोठ्यानंच वाचलं जायचं असं ते सांगायचे.

आता फोन. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण सगळ्यांच्या हातातल्या फोनवर ती सहज टाइप व्हायला बरीच वर्षं गेली, आणि शब्दकोड्याला त्याचा फार फरक पडतो कारण इंग्रजी अक्षरात लिहिलं की ल-ळ, न-ण एक होऊन जातात. माझ्या त्या पहिल्या कोड्याचं तेच झालं. काकीनं जाळ्यावरून सुरुवात केली, सरंगो, बांगडो, हलवो, सगळी टोपली ओतली, पण हलवा मासा मालवणीत हलवो, त्यामुळं संक्रांत तिला जुळेना. पुतणी मासे खात नाही, तिला फक्त संक्रांतीचा हलवा माहीत, तिनं घाबरत घाबरत इंग्रजी अक्षरात लिहिलं, ते आतेभावानं 'हळवा' वाचलं आणि दहा मिनिटं हळव्या आणि गरव्या, म्हणजे लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या भातावर गजाली झाल्या, यंदा कुठलं पेरलंय, कापणी कधी. मग मस्कतवरून भावानं काकीचा हलवो आणि पुतणीचा शब्द शेजारी शेजारी देवनागरीत लिहिले, आणि खाली लिहिलं, "ते कपाट जरा हलवा."

आज काकीची पाळी होती. तिचं कोडं: हातात असते तोवर ती, ताटात आला की तो. डोंबिवलीकर अजून बांगडीपाशीच अडकलेत.